गादीवरचे पाय

डॉक्टरांनी आत्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतवल्यासारखा. तो भरून यायला इतका वेळ लागला, की शेवटी आत्यानेच विचारलं, "झालं का तुमचं बघून?"

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "लुगडं जरा वर घ्या."

"जरा म्हणजे किती?"

"गुडघ्यापर्यंत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठून दाराचा पडदा नीट ओढला. मग तिने डाव्या पायावरचं नऊवारी हळूहळू वर घेतलं.

मी जन्मापासून तिच्याच घरात वाढले होते. त्या पायांना रोज नमस्कार केला होता. पण लुगड्याच्या काठाच्या वर काय आहे, ते त्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलं. घोट्याच्या वरची आतली बाजू चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काळपट आणि टणक झाली होती. मधोमध एक उथळ, ओली जखम होती. तिच्यावर हळद आणि जुन्या लुगड्याची मऊ घडी होती, ती आत्याने स्वतःच उचलून हातात धरली. जखमेच्या वर पोटरीपर्यंत निळ्या शिरांचा गुंता फुगला होता.

"केव्हाची जखम?"

"गणपतीत खरचटलं होतं."

"कोणत्या गणपतीत?"

आत्याने हातातली घडी उलटी केली.

"बरं. काम काय करता तुम्ही?"

"उभी राहते," आत्या म्हणाली.

"कीर्तनकार आहे ती," मी सांगितलं. "गोदाताई आपटीकर."

डॉक्टरांच्या आईने आत्याचं कीर्तन ऐकलेलं निघालं. ते जरा सैलावले, खुर्ची पुढे ओढून समजावू लागले. पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम शिरांचं. त्यांच्यात ठिकठिकाणी झडपा असतात, वर गेलेलं रक्त खाली पडू नये म्हणून. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, पाय सुजतो, कातडी काळी पडते, आणि एकदा झालेली जखम भरत नाही. मी तेव्हा कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. हे सगळं मी आकृती काढून परीक्षेत लिहिलेलं होतं.

"एक विचारतो," डॉक्टर म्हणाले. "हा पाय तरुणपणी कधी एकदम सुजला होता? अगदी मांडीपर्यंत, पांढराफटक? मोठ्या तापात, किंवा बाळंतपणात?"

"मला मूलबाळ नाही," आत्या म्हणाली आणि लुगडं खाली घेतलं.

"हं. मग आता पथ्य ऐका. चाला, नाहीतर आडव्या व्हा. आडवं झालं की पाय छातीपेक्षा वर. नुसतं एका जागी उभं राहणं बंद."

"आणि नाचलं तर?"

"काय?"

"कीर्तनात आम्ही नाचतोसुद्धा."

डॉक्टर हसले. "उभं राहण्यापेक्षा नाचलेलं बरं."

"ऐकलंस, शरयू? नीट लक्षात ठेव. घरी कुणी बोललं तर सांगायचं, डॉक्टरांनी नाच म्हणून सांगितलंय."

निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं. जखमेच्या कडेला एक शीर टपोरी झाली होती. तिच्यावरची कातडी कागदासारखी पातळ आहे, ते म्हणाले. फुटली तर दुखणार नाही, आत्यांना कदाचित कळणारही नाही. घाबरून खुर्चीत बसवू नका. आडवं करायचं, पाय उंच, आणि बोटाने दाबून धरायचं. एवढंच.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसली. नदीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "ते दारांचं पुन्हा सांग."

"झडपांचं?"

"हो. रक्त वर चढतं ते कशाच्या जोरावर? हृदय तर वर आहे, ते ढकलून खाली पाठवतं. ओढून वर कोण घेतं?"

"पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की शीर पिळली जाते. रक्त वर सरकतं, मागची झडप मिटते. पुढचं पाऊल टाकलं की आणखी थोडं वर."

"आणि माणूस उभाच राहिला तर?"

"तर पिळणारं कुणी नाही. रक्त आपलं ओझं घेऊन उभं."

"बरोबर," आत्या म्हणाली, जणू मी तिचीच शिष्या होते आणि धडा नीट म्हटला होता.

पुढच्या महिन्यात तिच्या एकादशीच्या कीर्तनाला मी पेटीवर होते. पूर्वरंगात तिने निरूपण करता करता चिपळ्या थांबवल्या आणि श्रोत्यांना विचारलं, पायातलं रक्त वर कसं चढतं, सांगा बरं? लोक एकमेकांकडे बघू लागले. "पायरी पायरीनं चढतं," ती म्हणाली. "आणि प्रत्येक पायरीवर दार. रक्त वर गेलं की मागचं दार बंद. खाली पडायची सोयच नाही. देवानं रक्ताला दारं दिली हो, मनाला द्यायची विसरला. म्हणून मन वर चढतं आणि पहिल्या पायरीवर येऊन आपटतं." लोक हसले, काहींनी मान डोलावली. तबल्यावरच्या दत्तूकाकांनी कौतुकाने थाप मारली. लुगड्याच्या आत त्या वेळी मी बांधलेली पट्टी होती आणि पट्टीच्या आत न भरणारी जखम. ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

पट्टी बांधायची तीही एक रीत आहे. बोटांच्या मुळापासून सुरुवात, घोट्याशी सगळ्यात घट्ट, आणि वर जाता जाता सैल. माझ्या हातांनी ती रीत उचलली. आत्याला पट्टीचं काही वाटत नसे. तिला जड जाई ते पाय वर करून पडणं. आमच्या माजघरात एका भिंतीला देव होते, दुसऱ्या भिंतीला आजोबांचा, म्हणजे तिच्या आबांचा, कीर्तनाच्या पोशाखातला फोटो, आणि उरलेली भिंत दक्षिणेची.

"सांग, कुठे करू पाय?" ती म्हणायची. "देवाला दाखवू, बापाला दाखवू, की यमाला?"

"दाराकडे कर."

"दारातून माणसं येतात, शरू. माझे पाय बघायला नाही येत ती."

पण येत होती ती बरीचशी त्या पायांसाठीच. कीर्तन संपलं की बायका रांग लावून तिच्या पायांवर डोकं ठेवत. आजोबांनंतर आमच्या गावच्या राममंदिरात रामजन्माचं कीर्तन करायला घरात पुरुष कीर्तनकार उरला नव्हता. माझे वडील पोस्टात, त्यांना चार माणसांत बोलायचीही भीती. तेव्हा आत्या पुढे झाली. बाईने जन्माचं कीर्तन करावं की नाही, यावर गावात पुष्कळ चर्चा झाली म्हणे. ती सगळी तिने उभ्या उभ्या ऐकली आणि मग सेवा हातात घेतली. नवऱ्याकडून ती लग्नानंतर दोनेक वर्षांत परत आली होती. ते का, याविषयी घरात कुणी बोलत नसे. मी ऐकत आले ते एवढंच, की तिचं तिथे पटलं नाही.

माघ संपता संपता मंदिराचे मुख्य पंच बापूसाहेब रेठरेकर घरी आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ताई, पायाचं काहीतरी ऐकलं."

"पायाचं काय असतं? दोन आहेत," आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे उभं राहवत नाही असं कुणीतरी म्हणालं. आपल्याकडे बसून कीर्तन चालत नाही. नारदाची गादी आहे ती. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"मग सांगू नका."

"औंधकर बुवांचा मुलगा तयार आहे. यंदा विश्रांती घ्या, पुढच्या वर्षी बघू."

"बापूसाहेब, एकदा सेवा सुटली की पुढचं वर्ष नसतं. हे तुम्हालाही कळतं." ती उठली, चालत जाऊन त्यांची कपबशी उचलली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी उभी राहीन."

ते गेल्यावर मी तिच्याशी भांडले. एक वर्ष थांबलीस तर काय बिघडेल, म्हटलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुला एवढ्या शिरा कळतात, मग हे का कळत नाही? मला मध्ये एकही वर्ष गाळता येत नाही."

तेव्हा ते मला हट्टाचं वाटलं.

रामनवमीच्या सकाळी मी पट्टी घेऊन तिच्यापुढे बसले, तर तिने पाय मागे घेतला.

"गादीवर पायात काही नको."

"कापड आहे, आत्या. चामडं नाही."

"लोक पायावर डोकं ठेवतील, त्यांनी काय पट्टीला नमस्कार करायचा?"

"लुगड्याच्या आत राहील."

"आज नाचणार आहे मी. डॉक्टरांनी सांगितलंय ना? नाचताना काठ वर जातो."

तिने जखमेवर फक्त मऊ कापडाची घडी ठेवली आणि वरून एक फेर बांधला. मी पट्टी गुंडाळून ठेवली. तिचं ओठ मिटणं मला माहीत होतं.

सभामंडपावर पत्रे होते आणि चैत्राचं ऊन. फरशीवर पाणी मारलं होतं ते बघता बघता वाळत होतं. आमच्याकडे गादी देवासमोर, तोंड गाभाऱ्याकडे. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. साथीदार कीर्तनकाराच्या मागे बसत. मी पेटी घेऊन तिच्या मागे उजव्या हाताला बसले होते, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर तिची पावलं होती.

"ताई, आज जरा बेतानं," दत्तूकाका तबला लावता लावता म्हणाले. "माझे हात म्हातारे झालेत. तुमचे पाय काही म्हातारे होत नाहीत."

"तुम्ही हातांचं बघा," आत्या म्हणाली.

ती त्या दिवशी जशी उभी राहिली, तशी मी तिला पुन्हा पाहिली नाही. दशरथाचा यज्ञ, पायसाची वाटणी, कौसल्येचे डोहाळे. आवाज जरासाही खाली आला नाही. नाचताना काठ थोडा वर जाई आणि मला घडीचं टोक दिसे. घडी कोरडी होती. माध्यान्ह जवळ आली तसे लोक उठून उभे राहू लागले, हातात फुलं आणि गुलाल. तिने शेवटचा श्लोक म्हटला, घंटा सुरू झाली, गाभाऱ्याचा पडदा सरला, आणि सगळा मंडप गुलालाने भरून गेला. माझ्या पेटीच्या पट्ट्या लाल झाल्या. तिची पावलं लाल झाली, गादीची चादर लाल झाली.

मग पाळणा. आजोबांनीच रचलेला, लांबलचक. बायकांनी पाळण्याची दोरी धरली आणि आत्या म्हणू लागली, "दोरी ओढा गं हळूच बायांनो, डोळा लागला रामाचा."

आठव्या की नवव्या कडव्याला माझी नजर तिच्या टाचेवर गेली. डाव्या घोट्याच्या आतून एक रेघ खाली आली होती. तीही लालच. सगळं लाल होतं, म्हणून आधी काही वाटलं नाही. पण गुलाल चमकत नाही. ही रेघ चमकत होती, आणि टाचेखाली गुलाल ओला होऊन काळसर पसरत चालला होता. तिच्या समोरच्या बायका त्याच चादरीकडे बघत टाळ्या वाजवत होत्या. त्यांना तो जन्माचा गुलालच दिसत होता.

मी पेटीवरचे हात उचलले.

स्वर बंद पडल्यावर आत्याने मान वळवली. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं. चिपळ्यांचा ठेका न सोडता ती ओठांनीच म्हणाली, "वाजव."

"आत्या, आडवी हो."

"वाजव, शरू."

मी वाजवली नाही. तिने तोंड पुन्हा देवाकडे केलं आणि पेटीशिवाय पुढची ओळ म्हटली. दत्तूकाकांना काहीच दिसलं नव्हतं, ते ठेका धरून होते. ओळ संपता संपता तिचा गुडघा वाकला आणि ती मागे, माझ्या अंगावर आली.

मग एकच गलका झाला. ऊन लागलं, ऊन लागलं, कुणीतरी ओरडलं. खुर्ची आणा, पाणी आणा. मी नको नको म्हणत असताना दोघा-तिघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलंसुद्धा. मग कुणाला तरी चादर दिसली. मळ्यातले आनंदराव पुढे आले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या गुडघ्याखाली करकचून आवळलं.

"आता थांबतंच," ते म्हणाले. "मळ्यात पान लागलेली किती माणसं मी अशी वाचवलीत."

रक्त थांबलं नाही. आधी ते ओघळत होतं, आता घोट्यावरून टपटप पडू लागलं.

"सोडा ते, काका."

"पोरी, तू बाजूला हो."

"सापाचं विष वर चढू नये म्हणून वर बांधतात. हे रक्त वर जायचं ते खाली पडतंय. तुम्ही त्याची जायची वाट बंद केलीत."

मी वाट पाहिली नाही. गाठ सुटेना, तेव्हा उपरणं तसंच खाली ओढून काढलं, आत्याच्या काखेत हात घातले आणि तिला फरशीवर घेतलं. डोकं माझ्या जागेकडे, पाय गाभाऱ्याकडे. दुसरी मोकळी जागाच नव्हती. पेटी ओढली, तिचे दोन्ही पाय पेटीवर ठेवले, आणि जखमेच्या कडेच्या त्या शिरेवर अंगठा दाबून धरला.

"अगं, पाय देवाकडे झाले!" बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"शरयू," बापूसाहेब खाली वाकून हळूच म्हणाले, "निदान वळवू या. लोक आहेत."

"आता हलवायचं नाही."

"जन्माचा दिवस आहे गं."

"माहीत आहे."

माझ्या अंगठ्याखालचं गरम वाहणं थांबलं. खरंच एवढंच होतं ते. आडवं करायचं, पाय उंच, बोटाने दाबायचं. आत्याचा चेहरा पिठासारखा झाला होता, पण डोळे उघडे होते. तिने दोनदा काहीतरी म्हटलं. मी कान खाली नेला.

"लुगडं खाली ओढ," ती म्हणत होती.

माझा एक हात शिरेवर होता, दुसऱ्याने पाय धरला होता. "थांब जरा," मी म्हटलं.

पाय पेटीवर, पेटी मंडपाच्या मधोमध, आणि काठ गुडघ्याच्या वर गेलेला. काळी कातडी, ती जखम, तो गुंता, सगळं भर दुपारच्या उजेडात. गावाने त्या पायाकडे नीट पाहून घेतलं. कीर्तनाच्या मध्यंतरात हार घालून झाल्यावर तिच्या पायांवर डोकं ठेवून गेलेली एक बाई समोरच उभी होती. तिने पदराने हळूच स्वतःचं कपाळ पुसलं.

मिरजेला त्याच डॉक्टरांनी टाके घातले. पाय पुन्हा पुन्हा तपासला, मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "वरच्या शिरा काढून टाकता येणार नाहीत. आतली मोठी शीर कधीचीच गुठळीनं बंद झालीय. फार जुनी गोष्ट आहे. आता रक्त जे काय परत जातं ते या वरच्यांतूनच जातं. त्या काढल्या तर पाय काय करील?" थोडं थांबून म्हणाले, "बाळंतपण नव्हतं म्हणाल्या ना?"

"नाही म्हणाली ती."

"ठीक आहे," ते म्हणाले.

मी परत खोलीत गेले. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. अशा गुठळ्या कशाकशाने होतात ते मी शिकले होते. ती कारणं एकेक करून तपासली आणि शेवटचं उरलं ते मनात ठेवलं. विचारलं मात्र नाही.

मंदिर धुऊन काढलं, शांती केली. बापूसाहेब फळं घेऊन आले आणि अवघडून बसले. आरती झाली नाही, पाळणा अपुरा राहिला, लोक बोलतात, असं काहीसं म्हणाले. औंधकर बुवांचा मुलगा पुढच्या वर्षी उभा राहिला. चिपळ्या तिने देवाच्या फळीवर ठेवल्या, त्या तिथेच राहिल्या. बाहेरगावची बोलावणीही तिने परत पाठवली.

माणसं नंतरही घरी येत. पण नमस्कार आता उंबऱ्यातूनच करत, हात जोडून. कुणी वाकलंच, तर आत्याच पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची. मी वाकले तरी.

सांगलीला कॉलेजात नोकरी लागल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. पुढची सगळी वर्षं रोज सकाळी मी तिच्या पायाला पट्टी बांधली. जखम कधी मिटत आली, कधी पुन्हा उघडली. ती मला मुलींना काय शिकवतेस ते विचारायची, कधी माझ्या चुका काढायची. रामनवमी आली की ती सकाळपासून बोलत नसे, एवढंच.

एका चैत्रातल्या दुपारी मी पट्टी सोडवत होते. घोट्याशी शेवटचे फेर राहिले असतील.

"तू त्या दिवशी पेटी का थांबवलीस?" ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"रक्त वाहत होतं."

"ते मला ठाऊक होतं. पावलाला ऊन ऊन लागलं होतं, तेव्हाच कळलं."

"मग तू का नाही थांबलीस?"

"दोनच कडवी राहिली होती." ती वरच्या पंख्याकडे बघत होती. "त्या डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

मी पट्टीचा गुंडा हातात धरून बसले.

"सासरी झाला. मुलगा. पाचव्या दिवसापासून हा पाय सुजायला लागला. मांडीपर्यंत. तुझा डॉक्टर म्हणाला तसाच, पांढरा. उठता येईना, तर सासूबाई म्हणाल्या, थेरं आहेत. बाराव्या दिवसासाठी पाळणा टांगला होता. आबा सकाळीच यायचे होते, नवा पाळणा रचून. आदल्या रात्री बाळ गेलं. आबा आले ते तो कागद खिशात घेऊनच आले."

"तोच पाळणा?"

"नाव बदललं त्यात. रामाचं घातलं." तिने पाय किंचित हलवला. "आधी ते स्वतः म्हणायचे. मग मी. दरवर्षी पुरा म्हटला, शरू. एक वर्ष गाळलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आता म्हण. मी पेटी काढते."

"झोपून पाळणा म्हणत नाहीत," ती म्हणाली. "बांध ती पट्टी, गार लागतंय."

मी बांधली. बोटांच्या मुळापासून, घोट्याशी घट्ट, वर सैल. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा पेटीवरचे हात उचलेन. हे तिलाही माहीत होतं. म्हणून तिने मला क्षमा वगैरे केली नाही, आणि मी मागितली नाही.

पट्टीची पिन लावताना ती म्हणाली, "मी गेले की ही काढ."

"आत्या, काहीतरी बोलू नकोस."

"ऐकून घे. पट्टी काढ, पाय धू. आणि माणसं यायच्या आधी गुलाल टाक, भरपूर. मग दिसत नाही."

पुढच्या थंडीत ती गेली. तिला गावी नेलं. बापूसाहेब आता नव्हते, पण गावातली बरीच माणसं आली, नवी आणि जुनी. ती अंगणात जमण्याआधी मी दार लावून घेतलं, पट्टी सोडवली, कोमट पाण्याने पाय धुतले, टिपले. जखमेत आता काही वाहत नव्हतं. मग दोन्ही पावलांवर आणि घोट्यांच्या वरपर्यंत ओंजळीने गुलाल टाकला, आणि दार उघडलं.

पहिले दत्तूकाका आले. नातवाने हाताला धरून आणलं होतं, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. चाचपत त्यांनी तिचे पाय शोधले, वाकले आणि कपाळ टेकवलं. मग एक म्हातारी बाई, तिच्यामागून दुसरी. मग रांगच लागली. कुणी उंबऱ्यात थांबलं नाही.

मी पायांशी बसून होते. माझी नजर डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूवरून हलत नव्हती. सवयच होती ती. इतकी कपाळं टेकली, थोडा गुलाल खाली सांडला, तो मी पुन्हा वर टाकला. शेवटपर्यंत तो कोरडाच राहिला.